घरी बांधायच्या ॲल्युमिनियमच्या विमानात सांध्यांतले क्षरण कसे रोखावे?

गॅरेजकर

नमस्कार.

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर, समुद्रापासून जेमतेम चार मैलांवर माझे घर आहे आणि गेले दीड वर्ष तेथील गॅरेजात मी 'झेनिथ सीएच ७५०' या दोन आसनी विमानाचे किट जोडतो आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत सुट्टीवर मुंबईत असताना 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान पाहिले, तेव्हापासून हे वेड डोक्यात होते. अमेरिकेत 'एक्स्पेरिमेंटल' वर्गात अशा विमानाची नोंदणी करायची, तर निम्म्याहून अधिक काम हौशी बांधणाऱ्यांनी स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलेले असावे लागते. त्यामुळे यातले प्रत्येक भोक माझ्या हातचे आहे आणि पुढे सांगतो ती चूकही माझ्याच हातची आहे.

गेल्या उन्हाळ्यात आईच्या आजारपणामुळे मला चार महिने कोल्हापूरला राहावे लागले. जाताना रडरचे (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूचे) पत्रे आणि रिब (आतल्या आधाराच्या फासळ्या) जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी क्लेको (रिव्हेटआधी भोकांत बसवायच्या तात्पुरत्या स्प्रिंगच्या पिना) लावलेले होते आणि ते तसेच राहिले. परत येऊन पाहतो तो तांब्याच्या रंगाच्या क्लेकोंभोवती करड्या-पांढऱ्या कड्या उमटलेल्या, आणि जेथे पत्र्यावर पत्रा येतो त्या कडेला पिठासारखी पांढरी भुकटी. गॅरेजात वातानुकूलन नाही आणि आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे दमट हवेचा मुक्काम. भिंतीला टेकवलेल्या सुट्ट्या पत्र्यांना मात्र काहीही झालेले नव्हते, आणि मला गोंधळात टाकणारी गोष्ट हीच आहे. हवा सगळ्यांना सारखीच लागत होती. मग झाकल्या गेलेल्या जागीच क्षरण, म्हणजे धातू गंजून झिजणे, का व्हावे?

माझा पत्रा ६०६१-टी६ या मिश्रधातूचा आहे, रडरच्या कातडीची, म्हणजे बाहेरच्या पत्र्याची, जाडी ०.०१६ इंच, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर, आणि रिव्हेट ओढून बसवायच्या, पोकळ प्रकारच्या. एलिव्हेटर (शेपटीचा आडवा हलता भाग) मी त्याआधीच, कोणताही प्रायमर (रंगाआधीचा संरक्षक थर) न लावता, रिव्हेट मारून बंद केला होता. ओळखीच्या एका बांधणाऱ्याचे म्हणणे असे की आतील प्रत्येक इंच प्रायमरने झाकल्याशिवाय किनाऱ्यावर विमान टिकणार नाही. दुसरा म्हणतो की सत्तरच्या दशकातली आतून कोरी असलेली छोटी विमाने अजून उडत आहेत, तेव्हा हा सगळा नसता उद्योग आहे. सर्व पृष्ठभाग झाकावेत की फक्त सांधे, कोणता प्रायमर घ्यावा, पोलादी बोल्ट आणि स्टेनलेसच्या वस्तू ॲल्युमिनियमला टेकतात तेथे काय करावे, आणि बंद झालेला एलिव्हेटर उघडावा की देवावर हवाला ठेवावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.


दाबोळीकर

गॅरेजकर, तुमच्या गोंधळातच तुमच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो. मी नौदलाच्या हवाई शाखेत गोव्यात दाबोळीला आणि इतरत्र मिळून २८ वर्षे विमानांच्या सांगाड्याचे काम केले, आणि त्यातील निम्मा वेळ क्षरण शोधण्यात आणि घासण्यात गेला असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

ॲल्युमिनियम स्वतःचे रक्षण स्वतः करते. हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर तयार होतो आणि ओरखडा पडला तरी तो लगेच पुन्हा भरून येतो. तुमचे सुटे पत्रे याच जोरावर वाचले. दोन पत्रे एकमेकांवर दाबले की मधल्या केसाएवढ्या फटीत पाणी केशाकर्षणाने शिरते, पण प्राणवायू मात्र पोहोचत नाही. फटीच्या तोंडाशी प्राणवायू भरपूर आणि आत खोलवर त्याचा दुष्काळ, अशी स्थिती झाली की एकाच पत्र्याचे दोन भाग एखाद्या बॅटरीच्या दोन टोकांसारखे वागू लागतात आणि आतला भाग झिजायला लागतो. त्यात समुद्राकडून आलेले मीठ असेल, तर क्लोराइडचे कण फटीत ओढले जातात, आतले पाणी आम्लधर्मी होत जाते आणि तयार होऊ पाहणारा ऑक्साइडचा थर तेथे टिकत नाही. म्हणजे उघडा पत्रा वाळतो, पण सांधा आठवडेच्या आठवडे ओला राहतो. पावसाळ्यात अंगणातल्या दोरीवरचे धोतर दुपारपर्यंत सुकते आणि घडी घालून ठेवलेल्या ओलसर धोतराला मात्र बुरशीचे डाग पडतात, तसाच हा प्रकार समजा.

क्लेकोंचे कारण थोडे वेगळे आहे. एक अष्टमांश इंची क्लेकोंवर तांब्याचा मुलामा असतो आणि तांबे ॲल्युमिनियमपेक्षा विद्युत्-रासायनिक क्रमात बरेच वर बसते, म्हणून दोघे ओलीत एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजते. कोरड्या गॅरेजात महिनाभर राहिल्याने काही बिघडत नाही, पण दमट हवेत चार महिने म्हणजे तुम्ही शेदोनशे लहानलहान विद्युत्-घट (बॅटऱ्या) लावून गेला होतात. शिसपेन्सिलीचेही तेच आहे. तिच्यातील ग्राफाइट ॲल्युमिनियमचे शत्रू आहे, म्हणून पत्र्यावर खुणा नेहमी शाईच्या मार्करने कराव्यात. आमच्या कार्यशाळेत नवा मुलगा कानाला शिसपेन्सिल लावून आला की वरिष्ठ ती काढून घेत असत.

आता मुख्य मुद्दा. जेथे धातू धातूला टेकतो त्या पृष्ठभागांवर, रिव्हेट मारण्याआधी, प्रायमर लावलाच पाहिजे, कारण नंतर त्या जागी तुमचा हातही पोहोचणार नाही आणि ब्रशही. पत्र्याचा उघडा मध्यभाग तुम्हाला पाच वर्षांनीही आरशाने पाहता येईल, पुसता येईल, रंगवता येईल. सांध्याला ती संधी एकदाच मिळते. म्हणून वेळ आणि पैसा मोजका असेल, तर तो सगळा सांध्यांवर खर्च करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

सांध्यातील क्षरण वरवरचे नसते हे कळण्यासाठी १९८८ सालच्या २८ एप्रिलची अलोहा एअरलाइन्सची घटना वाचावी. हवाई बेटांमधली छोटी उड्डाणे करणाऱ्या त्या बोइंग ७३७ ची ८९,६८० उड्डाणे झालेली होती. धडाच्या पत्र्यांचे एकावर एक येणारे सांधे चिकटवून आणि रिव्हेट मारून केलेले होते. चिकटवलेला थर सुटत गेला, खारट ओल आत शिरली, सगळा भार रिव्हेटांवर आला, त्यांच्या भोकांपासून बारीक चिरा निघाल्या आणि एके दिवशी सुमारे २४,००० फुटांवर छताचा मोठा भाग उडून गेला. एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. तुमच्या विमानात हवेचा दाब भरलेला नसतो आणि तुमची उड्डाणे शेकड्यांत मोजली जातील, त्यामुळे तुलना जशीच्या तशी लागू होत नाही. पण ओल सांध्यात शिरली की ती रिव्हेटच्या भोकाशी कशी पोहोचते, हे त्यातून नीट समजते.

दोन धातूंच्या गाठीबद्दल. पोलादी एएन (विमानांच्या मानकाच्या) बोल्टांवर कॅडमियमचा मुलामा असतो तो शोभेसाठी नव्हे. कॅडमियम विद्युत्-रासायनिक क्रमात ॲल्युमिनियमच्या शेजारी बसते, म्हणून दोघांत फारसा ताण राहत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला चकचकीत बोल्ट त्याजागी लावू नये, आणि मुलामा उडालेला बोल्ट घासून पुन्हा वापरू नये, कारण कॅडमियमची धूळ विषारी असते. स्टेनलेसच्या बाबतीत आकाराचा विचार करा. मोठ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात लहानशी स्टेनलेसची रिव्हेट बहुधा निभावून जाते, पण मोठ्या स्टेनलेसच्या पत्र्यात लहानशी ॲल्युमिनियमची रिव्हेट ठेवली, तर सगळा मारा तिच्यावर येऊन ती खलास होते. येथे बहुतेकांची फसगत होणारी एक गोष्ट सांगतो. दोन धातूंपैकी एकालाच रंग लावणे शक्य असेल, तर तो पोलादाला किंवा स्टेनलेसला लावावा, ॲल्युमिनियमला नव्हे. नुसत्या ॲल्युमिनियमला रंग लावला आणि त्यावर एक ओरखडा पडला, की सगळ्या पोलादाचा मारा त्या एका ओरखड्यावर केंद्रित होतो आणि तेथे भोकच पडते. अर्थात दोन्हींना लावणे हे सर्वांत चांगले.


वाळवंटी

मी ॲरिझोनात राहतो. व्हॅन्स कंपनीचे आरव्ही-९ बांधून त्याला आता अकरा वर्षे झाली आणि त्याच्या आत मी जवळजवळ कोठेही प्रायमर लावलेला नाही. गेल्या वार्षिक तपासणीत आतला पत्रा नव्यासारखा लखलखत होता. तेव्हा 'नसता उद्योग' म्हणणाऱ्यांच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवे म्हणून लिहितो, पण त्याआधी दोन फरक कबूल करतो.

पहिला फरक हवेचा. माझ्या हँगरमध्ये लाकडाच्या दाराला तडे जातात इतकी हवा कोरडी असते. दुसरा पत्र्याचा. माझा पत्रा २०२४-टी३ 'अल्क्लॅड' आहे. २०२४ या मिश्रधातूत चार टक्क्यांहून अधिक तांबे असते. त्यामुळे ताकद वाढते, पण क्षरणाला तो पत्रा लवकर बळी पडतो. यावर तोड म्हणून १९२७ च्या सुमारास अमेरिकेत अल्क्लॅड निघाले, म्हणजे मधे मजबूत मिश्रधातू आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमचा थर, जो स्वतः झिजून आतल्याला वाचवतो. हा थर पातळ पत्र्यात प्रत्येक बाजूला जाडीच्या सुमारे पाच टक्के, म्हणजे ०.०२५ इंची पत्र्यावर जेमतेम ३२ मायक्रॉन असतो. प्रायमर चिकटावा म्हणून उत्साहाने खरखरीत कागदाने घासत बसणारे लोक मी पाहिले आहेत. ते लोक फुकट मिळालेले चिलखत उतरवून त्याजागी विकतचा अंगरखा चढवत असतात. तुमच्या ६०६१ ला असे चिलखत नसते, पण त्यात तांबे नाममात्र असल्यामुळे त्याला त्याची तेवढी गरजही पडत नाही.

पूर्वी मी वजनाचा आक्षेप घेत असे. एकदा हिशेब करून पाहिला. दोन आसनी विमानाचे आतले सगळे पृष्ठभाग मिळून ढोबळपणे ६० चौरस मीटर धरू. सुकलेला थर २० मायक्रॉनचा असेल, तर एकूण रंग १.२ लिटर होतो, आणि त्याची घनता पाण्याच्या दीडपट धरली तर वजन १.८ किलो. पण हौशी हाताने २० मायक्रॉनचा थर बसत नाही. ५० चा बसतो, आणि मग हेच वजन साडेचार किलोवर जाते. केवळ सांधेच रंगवले, म्हणजे समजा इंचभर रुंदीच्या २०० मीटर पट्ट्या दोन्ही अंगांनी, तर क्षेत्रफळ दहा चौरस मीटर होते आणि वजन ३०० ग्रॅम. हात जड असला तरी पाऊण किलो. म्हणजे सांध्यांपुरता प्रायमर लावण्याविरुद्ध वजनाचे कारण टिकत नाही. उरतो तो कष्टाचा भाग. आतील प्रत्येक इंच रंगवण्याच्या हट्टापायी तीन-तीन वर्षे रेंगाळलेली आणि शेवटी अर्धवट विकलेली विमाने मला माहीत आहेत, आणि न उडालेल्या विमानाला क्षरण लागले काय न लागले काय.

तेव्हा दाबोळीकरांशी मी सहमत आहे, फक्त 'किनाऱ्यावर' हा शब्द त्यांच्या वाक्याला जोडून. माझे विमान उद्या फ्लोरिडात विकले गेले तर विकत घेणाऱ्याला मी काय सांगेन, हा प्रश्न मात्र मला अलीकडे टोचतो.


रंगरसायन

ठाण्याजवळ औद्योगिक रंगांच्या प्रयोगशाळेत काम करतो. विमान कधी बांधलेले नाही, पण ॲल्युमिनियमवर रंग का सुटतो हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे. कोणता प्रायमर घ्यावा यावर लोक जितके भांडतात त्याच्या दहावा हिस्सा वेळ त्यांनी पत्रा स्वच्छ करण्यावर घालवला, तर भांडणाचे कारणच उरणार नाही.

क्रम असा असावा. भोके पाडून झाली की सांधा सोडवावा, भोकांच्या कडांचा बर (ड्रिलने उठलेली धारदार कोर) काढावा, कारण दोन पत्र्यांमध्ये राहिलेला बर आणि धातूचा चुरा फट कायमची उघडी ठेवतो. मग द्रावकाने तेल आणि मार्करच्या खुणा पुसाव्यात. पुसताना एक कपडा ओला आणि दुसरा कोरडा हवा, आणि द्रावक हवेत सुकण्यापूर्वीच कोरड्या कपड्याने टिपून घ्यावा. नाहीतर विरघळलेले तेल पुन्हा तेथेच पसरून बसते. त्यानंतर मरून रंगाच्या स्कॉचब्राइट घासणीने पाण्याबरोबर हलके घासावे. पोलादी ब्रश किंवा स्टील वूल चुकूनही वापरू नये. त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि प्रत्येक कण पुढे एकेका खड्ड्याचे बीज होतो. शेवटी स्वच्छ पाणी पत्र्यावर ओतून पाहावे. पाण्याचा अखंड पडदा टिकला तर पत्रा स्वच्छ आहे. अळूच्या पानावरच्यासारखे थेंब गोळा झाले, तर तेल शिल्लक आहे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. हातमोजे घातल्याशिवाय यानंतर पत्र्याला हात लावू नये, कारण बोटांच्या घामातही मीठ असतेच.

फॉस्फोरिक आम्लाने धुणे आणि त्यावर अलोडाइनसारखे क्रोमेटचे रूपांतरण करणे, म्हणजे रसायनाने पृष्ठभागावर संरक्षक थर तयार करणे, ही पद्धत उत्तम आहे, पण ती सुट्या भागांसाठी. जोडलेला किंवा रिव्हेट मारलेला भाग आम्लात बुडवू नये अथवा त्यावर आम्ल ओतू नये. सांध्यात शिरलेले आम्ल कितीही पाणी मारले तरी पूर्ण बाहेर येत नाही, आणि पुढे रंगाखालून दोऱ्यासारख्या वळवळत्या रेघा उमटतात तेव्हा बहुतेक वेळा मूळ कारण अर्धवट धुतलेली पृष्ठभागाची तयारी हेच असते.

प्रायमरबद्दल माझी पसंती दोन घटकांच्या इपॉक्सीला. तो घट्ट बसतो, ओलावा रोखतो आणि सुकल्यावर द्रावकालाही दाद देत नाही. डब्यातून फवारायचा सेल्फ-एचिंग (पत्र्याला स्वतःच कोरून चिकटणारा) प्रायमर सोयीचा असतो, पण त्याचा थर सच्छिद्र असतो. आतल्या कोरड्या जागी ठीक, खाऱ्या हवेत त्याच्या एकट्यावर भिस्त ठेवू नये. झिंक क्रोमेटची कीर्ती खरी आहे, क्रोमेट ओलीत थोडे थोडे विरघळून ओरखड्यापर्यंत पोहोचते आणि तेथील क्षरण थोपवते. पण त्यातील षट्‌संयुजी क्रोमियम माणसात कर्करोग घडवते हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. ज्या गॅरेजाचे दार स्वयंपाकघरात उघडते, तेथे ते फवारणे किंवा सुकलेले घासणे मला मान्य नाही. इपॉक्सीतही काळजी हवीच; त्याचा कठीणकारक घटक कातडीला लागत राहिला, तर काहींना आयुष्यभराची ॲलर्जी जडते. बाहेरच्या पॉलियुरेथेन रंगात आयसोसायनेट असते आणि त्याला साधा मुखवटा पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. ते काम व्यावसायिकाकडे द्यावे.

सांध्यावर प्रायमर ओला असताना रिव्हेट माराव्यात की सुकल्यावर, असा प्रश्न पुढे येईलच. दोन्ही चालते. ओल्यात मारल्या तर फट भरली जाते, पण काम वेळेत उरकावे लागते आणि हात, साधने, भिंती सगळे रंगते. मी असतो तर पत्रे सुकवून घेतले असते आणि रिव्हेट तेवढी प्रायमरमध्ये बुडवून ओली बसवली असती, म्हणजे भोकाची उघडी कडाही झाकली जाते.


गॅरेजकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दाबोळीकर काका, तुमचे उत्तर वाचून शनिवारी एलिव्हेटरच्या सर्वांत खालच्या कडेच्या सहा रिव्हेट ड्रिलने काढल्या, पत्रा हलकेच उचलला आणि आत कॅमेरा घातला. रिबच्या कडेला दोन ठिकाणी फिकट पांढरे डाग दिसले. बोटाने पुसल्यावर गेले, आणि दहापट भिंगातून पाहता खड्डा दिसला नाही. रडरच्या क्लेकोंजवळच्या कड्या मात्र सगळ्या सारख्या नाहीत. बहुतेक स्कॉचब्राइटने निघाल्या, पण एका रिबच्या कडेला आणि कातडीवर तीन भोकांभोवती नखाला अडखळतील असे बारीक खड्डे आहेत.

त्यामुळे आता दोन शंका आहेत. एलिव्हेटर पूर्ण उघडायचा म्हटला तर दोनशेच्या आसपास रिव्हेट काढाव्या लागतील; त्याऐवजी सांध्यांत शिरणारे एसीएफ-५० सारखे तेल फवारले तर पुरेल का? आणि रडरचे ते खड्डे घासून सपाट केले तर चालतील का?


दाबोळीकर

रडरची गोष्ट आधी. ०.४ मिलिमीटरच्या पत्र्यात नखाला लागणारा खड्डा म्हणजे जाडीचा लक्षणीय हिस्सा गेला, आणि तोही भोकाच्या काठावर, जेथे ताण सर्वांत जास्त असतो. घासून सपाट केल्याने खड्डा जात नाही, त्याच्याभोवतीचा धातूही जातो. ती रिब आणि ती कातडी बदला. पंखाच्या स्पारचा (मुख्य तुळईचा) प्रश्न असता तर मी तुमच्याबरोबर बसून विचार केला असता. रडरच्या पत्र्यासाठी विचार करण्यासारखे काही नाही. नव्या पत्र्यावर प्लॅस्टिकचे संरक्षक कागद असतील, तर तेही महिनोन्‌महिने ठेवू नका, त्यांच्याखालीही ओल धरते.

एलिव्हेटर उघडू नका. दोनशे पोकळ रिव्हेट ड्रिलने काढताना किमान वीस-पंचवीस भोके मोठी किंवा लंबगोल होतील, आणि आज जे नुकसान नाही ते तुम्ही स्वतःच्या हाताने कराल. पुसून जाणारे डाग ही सुरुवात आहे, दुखणे नव्हे. एसीएफ-५० चांगले आहे. ते पाण्याला ढकलून फटीत सरकते, आम्ही वेगळ्या नावाची पण त्याच जातीची द्रव्ये वापरत होतो. मात्र ते बाहेरचा रंग पूर्ण झाल्यानंतरच फवारा. आधी फवारलेत तर ते रिव्हेटच्या डोक्यांखालून आठवडेच्या आठवडे पाझरत राहील आणि त्यावर कोणताही रंग बसणार नाही. दर एक-दोन वर्षांनी ते पुन्हा द्यावे लागते, हे तपासणीच्या वहीत आजच लिहून ठेवा. तोवर त्या सहा रिव्हेटांच्या जागी प्रायमर लावून नव्या रिव्हेट मारा आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच सहा काढून बघा.

रंगरसायन यांनी लिहिलेल्याला थोडी जोड देतो. प्रायमर कोठे लावू नये हेही माहीत हवे. बॅटरीची अर्थिंगची जागा, अँटेनाची बैठक, अशा ठिकाणी धातूला धातू उघडा टेकला पाहिजे, नाहीतर रेडिओत खरखर येते आणि तुम्ही सहा महिने वायर तपासत बसता. तेथे आधी जोडणी करा आणि मग बाहेरून सांधा सील करा. पंखाच्या किंवा लँडिंग गिअरच्या बोल्टांखाली रंगाचे जाड थर नकोत, कारण दाबाखाली रंग हळूहळू सरकतो आणि बोल्ट ढिला होतो. पातळ प्रायमर चालतो.

आणि पाण्याला बाहेर जायला वाट ठेवा. हे मी शेवटी लिहितो आहे, पण माझ्या अनुभवात सर्वाधिक खराब झालेले भाग रंग नसलेले नव्हते, पाणी साचलेले होते. विमान जमिनीवर ज्या कोनात उभे राहते त्या कोनात प्रत्येक कप्प्याचा सर्वांत खालचा बिंदू शोधा; उडतानाचा नव्हे, उभे असतानाचा, कारण विमानाचे बहुतेक आयुष्य उभे राहण्यात जाते. रडर, एलिव्हेटर, फ्लॅप आणि धडाचा तळ यांत नकाशाने दाखवलेली निचऱ्याची भोके सीलंटने किंवा रंगाने बुजली नाहीत ना हे पाहा. पाणी शोषणारा फोम किंवा गालिचा तळाच्या पत्र्याला चिकटवू नका. हँगरमध्ये उंदीर येऊ देऊ नका. हसू नका, उंदराच्या मुताने पंखाच्या आतला पत्रा कुरतडल्यासारखा खाल्लेला मी पाहिला आहे, आणि त्याने घर केलेला कापूस ओला राहतो तो वेगळाच.

वार्षिक तपासणीत टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरून पाहा. दोन रिव्हेटांच्या मधला पत्रा उशीसारखा किंचित फुगलेला दिसला, तर आत भुकटी साचली आहे, कारण क्षरणाने तयार होणारा पदार्थ मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. रिव्हेटच्या मागे, हवा वाहते त्या दिशेने, काळपट शेपूट दिसली तर ती रिव्हेट हलते आहे. तिच्यावर रंग मारून गप्प बसू नका, ती बदला. तुमच्या पोकळ रिव्हेटांच्या मध्ये पोलादी खिळ्याचा तुकडा राहतो, त्यामुळे डोक्याशी तांबूस डाग येतील. ते बहुधा दिसण्यापुरतेच असतात, पण तुम्ही पहिल्यांदा पाहाल तेव्हा झोप उडेल म्हणून आधीच सांगून ठेवतो.

'एफएए'चे (अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाचे) 'एसी ४३.१३-१बी' हे पुस्तक तुमच्याकडे असेलच. त्यातला सहावा अध्याय संपूर्ण क्षरणावर आहे, तो रडर पुन्हा जोडायच्या आधी वाचा.


गॅरेजकर

काका, रिब आणि कातडी दोन्हींची मागणी आज नोंदवली. बाकी सगळे क्लेको काढून डब्यात भरले आहेत, आणि रडर आता सुट्या भागांत, एकाला दुसरा टेकणार नाही असा, घरातल्या वातानुकूलित खोलीत दोरीवर टांगला आहे. घरच्यांना ते तात्पुरते आहे असे सांगितले आहे. निचऱ्याची भोके पाहिली. एलिव्हेटरची दोन्ही मोकळी आहेत.